हाडक्या डाक्टर

डॉक्टर दामोदर शिंपी यांची आणि माझी ओळख माझ्या अंगठ्यामुळे झाली. नंदुरबारच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून लागून मला दोनच महिने झाले होते. पेन्सिलीला टोक काढताना चाकू अंगठ्यात गेला, मी वरून हळद दाबली आणि विसरलो. चार दिवसांनी अंगठा टम्म सुजला, तेव्हा सरकारी दवाखान्याची पायरी चढलो.

खुर्चीत एक बुटका, सावळा माणूस बसला होता. कोट काढून खुंटीला टांगलेला, गळ्यात छाती तपासायची नळी आणि त्या नळीवरच शिंप्याची मापाची फीत. त्यांनी तळहात एकमेकांवर घासून गरम केले आणि माझा चांगला हात हातात घेतला.

"अहो, हा नाही, तो," मी म्हणालो.

"दिसतंय मला. पण आधी चांगला हात बघू द्या. चांगला किती चांगला ते कळल्याशिवाय वाईट किती वाईट ते कसं कळायचं?"

त्यांनी माझ्या धडक्या अंगठ्याचा घेर फितीने मोजला, मग सुजक्याचा. पू काढला, पट्टी बांधली. तेवढ्यात माझ्या नखांतला कोळसा त्यांच्या नजरेला पडला.

"चित्रं काढता?"

"शाळेत शिकवतो."

"मग माझं एक काम करा," म्हणाले आणि मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे एक म्हातारा बसला होता. त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यावर लिंबाएवढी गाठ होती. मी डाव्या हाताचा अंगठा सावरत बसलो आणि अर्ध्या तासात म्हाताऱ्याचं चित्र काढलं. मला ते बरं जमलं असं वाटलं. डोळ्यांतलं दुःख वगैरे आलं होतं.

डॉक्टरांनी कागद उजेडाकडे धरला. "सुंदर आहे," म्हणाले. "पण मला सुंदर नको मास्तर, बरोबर हवं. डोळे नसले तरी चालतील. गाठ कानाच्या पाळीपासून किती खाली आहे ते यात कुठे दिसतं?"

मी दुसरा कागद घेतला. पुढची सहा-सात वर्षं, दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू होईपर्यंत, मी त्यांच्यासाठी असे दुसरे कागद घेतच राहिलो.

डॉक्टर मूळचे तापीकाठच्याच एका गावचे. वडील कपडे शिवायचे. वडिलांची नजर अधू झाल्यावरही त्यांचं शिवण थांबलं नाही, कारण कापडाचे दोन थर वर असताना खालचा तिसरा दुमडलाय की काय, हे त्यांच्या बोटांना कळायचं. डॉक्टर ही गोष्ट ज्याला त्याला सांगत. "हाडाचंही तसंच. वर कातडी, खाली मांस, त्याच्याखाली हाड. बोटाने घाई केली नाही तर सगळं कळतं."

रोग्यांशी ते अहिराणीत बोलत, माझ्याशी शाळेतल्या मराठीत. पण चिडले किंवा फार आनंदले की माझ्याशीही अहिराणीच. हिवताप, नायटा, विंचू, बाळंतपण, कुऱ्हाडीचे घाव, हे सगळं त्या दवाखान्यात रोज यायचं आणि ते सगळं ते नीट करत. पण एखाद्याच्या हाडावर, नको त्या जागी, उंचवटा लागला की त्यांचा चेहरा बदलायचा. "गुडघ्याच्या वर, खांद्याच्या खाली गाठ आली तर कंपाउंडरलासुद्धा शंका येते," ते म्हणत. "बोटात आली, बरगडीत आली, टाचेत आली, की सगळे म्हणतात, मार लागला असेल. रोगीही म्हणतो, डॉक्टरही म्हणतो. प्रत्येकालाच कधीतरी मार लागलेला असतो."

हाडांचा अभ्यास करायला पुस्तकं त्यांच्याकडे दोनच होती. बाकीचा अभ्यास खाटकाकडून. घरी माळकरी वळण, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. पण डॉक्टर बकऱ्याचे खुबे, म्हशीच्या बरगड्या आणून दवाखान्यामागे तीन दगडांवर घासलेटच्या डब्यात उकळत बसायचे. गल्लीतली यच्चयावत कुत्री त्यांच्या मागे. त्यांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणत असू. वहिनींचा नियम एकच: हाडं बाहेर, माणूस आत, आणि आत येण्याआधी आंघोळ. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी डॉक्टर अंगणात कुडकुडत, डोक्यावर पाणी घेत असलेले मी कितीदा पाहिलेत. गावाने त्यांना नाव ठेवलं, 'हाडक्या डाक्टर'. त्यांना ते आवडायचं.

आमच्या हेडमास्तरांचा किस्सा सांगायलाच हवा. गृहस्थ भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त. एकदा हिवतापाने महिनाभर आजारी पडले आणि वजन निम्म्याने उतरलं. बरे होताना एके दिवशी आंघोळीच्या वेळी त्यांच्या हाताला छातीच्या मधोमध, पोट सुरू होतं तिथे, एक टणक गाठ लागली. त्यांनी डॉक्टरांची कीर्ती ऐकलेली. त्यांनी मृत्युपत्र केलं, धाकट्या भावाला तार केली आणि मला घेऊन दवाखान्यात आले.

डॉक्टरांनी शांतपणे छाती तपासली. मग मला म्हणाले, "मास्तर, सदरा काढा." मी काढला. त्यांनी हेडमास्तरांचं बोट धरून माझ्या छातीवर त्याच जागी टेकवलं. हेडमास्तर दचकले. "यांनाही?"

"यांनाही. मलाही." त्यांनी ते बोट आपल्या सदऱ्याखाली नेलं. "छातीच्या हाडाचं टोक आहे ते. तुम्ही जन्माला आलात ते ही गाठ घेऊनच. इतकी वर्षं वर तूप होतं, म्हणून भेट झाली नव्हती."

हेडमास्तर हसले नाहीत. घरी जाऊन त्यांनी मृत्युपत्र तेवढं फाडलं. डॉक्टर मात्र नंतर मला म्हणाले, "हसू नका हं कुठे. घाबरून आला, पण आला. न घाबरणारे येतच नाहीत."

त्यांच्याकडे एक जाड वही होती. रोग्याचं नाव, गाव, मापं आणि शेजारी डिंकाने चिकटवलेलं माझं चित्र. एका दुपारी चित्र चिकटवताना मी मागची पानं चाळली. माझ्या येण्याच्या आधीचं एक पान होतं, चित्र नसलेलं. 'दित्या, काठीकडचा' आणि खाली एकच शब्द, 'चुकलो'.

मी विचारलं नाही. पण त्यांनी पान पाहिलं होतं. त्यांनी टाक खाली ठेवला.

"ढोल वाजवायचा हा पोरगा. वीस-बावीसचा असेल. डोंगरातल्या काठी गावची होळी पाहिलीत ना? रात्रभर ढोल. गळ्याखालच्या हासळीच्या हाडावर सूज घेऊन आला. मी म्हटलं, ढोलाचा पट्टा घासतोय. आयोडिन लावलं. आपल्या शिपायाला त्याची भिली भाषा येत होती. पोराने त्याच्यामार्फत विचारलं, होळीला वाजवू का? मी हसलो, म्हटलं, वाजव, मग महिनाभर आराम कर."

त्यांनी वहीचं ते पान तळहाताने सपाट केलं.

"आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला बाप आणि भाऊ झोळीत घालून घेऊन आले. नारळाएवढी गाठ. श्वास लागलेला. तीन आठवडे काढले त्याने इथे. त्या खाटेवर. शेवटी शेवटी मी बापाला विचारलं, ढोल फार जड असतो का रे? बाप उठला, कसा धरतात ते त्याने मला दाखवलं. पट्टा उजव्या खांद्यावर घेतात, मास्तर. गाठ डाव्या बाजूला होती."

बाहेर कंपाउंडर बाटल्या धूत होता, त्याचा आवाज येत होता.

"वेळेवर ओळखलं असतं तर वाचला असता का, ठाऊक नाही. बहुधा नसता. पण मी विचारलंच नाही. उजवा का डावा, एवढंसुद्धा विचारलं नाही."

मी म्हणालो, "कुणाकडूनही झालं असतं."

"हो," ते म्हणाले. "पण झालं माझ्याकडून." आणि टाक उचलून पुढचं लिहू लागले.

मथुरा त्यानंतर दोन वर्षांनी आली. प्रकाशा गावाजवळच्या एका खेड्यातली, खात्यापित्या शेतकऱ्याच्या घरची सून. डाव्या हाताला रक्ताने भिजलेलं फडकं. सोबत नवरा आणि सासू, दोघांचे चेहरे घट्ट. करंगळीशेजारच्या बोटावर विळ्याचा घाव होता, हाडापर्यंत. त्याच बोटावर जुने तापल्या विळ्याचे डागही होते, तीन-चार.

जखम शिवता शिवता डॉक्टरांनी विचारलं, "कसं कापाई गयं, माय?"

"कापाई नही गयं," ती खाली बघत म्हणाली. "मी कापी ऱ्हायनती."

डॉक्टरांची सुई थांबली. ती स्वतःचंच बोट तोडायला निघाली होती.

"दोन वरीस व्हयनात. रातले जास्ती दुखस. झोप नही. कोनी मानत नही. तुम्हीच तोडी टाका, डाक्टरसाहेब."

सासू दारातूनच म्हणाली, "दळानं काम उनं का हिनं बोट दुखस. सूज नही, काही नही. ढोंग शे नुसतं." नवरा जमिनीकडे पाहत होता. त्याच्यासाठी दुसरी मुलगी पाहून ठेवली आहे, हे पुढे कळलं.

डॉक्टरांनी आधी उजवं बोट मोजलं, मग डावं. पुन्हा मोजलं. ज्वारीच्या दाण्याएवढाही फरक नव्हता, पण होता. त्यांनी दुखणं थांबवणाऱ्या सॅलिसिलेटची पुडी दिली. त्या रात्री मथुरा दवाखान्याच्या ओसरीवर आठ तास झोपली. दुसऱ्या रात्री पुडी दिली नाही, तर पहाटेपर्यंत बसून.

सकाळी डॉक्टर माझ्या घरी आले, चप्पल न घालता. "मास्तर, दुखनं आयकी ऱ्हायनं! औषध दिधं का जास, नही दिधं का येस. असं दुखणं मी पाहिलं नाही." मग एकदम ओशाळले. "तिचा जीव जातोय आणि मी नाचतोय."

पण सासूला ते पटेना. औषध घेतलं की बरं वाटतं, हे तर ढोंगी माणूसही म्हणेल, असं तिचं म्हणणं. आणि ते काही चुकीचं नव्हतं. डॉक्टरांनी विचार केला आणि सहा पुड्या बांधल्या. तिनांत औषध, तिनांत औषधाच्या चवीची, पण निरुपयोगी भुकटी. पुड्या सासूच्या हातात दिल्या. औषधाच्या कागदाला आतून बारीक खूण केलेली. ती फक्त सासूला दाखवली.

"आजी, रोज रातले एक पुडी तुम्हीच द्या. कोनती दिधी ते तिले सांगू नका. आणि तिच्याजवळ बसून देखा. मंग माले सांगा, ढोंग शे का नही."

नवरा गावी गेला, त्या दोघी ओसरीवर राहिल्या. सहा रात्री. डॉक्टरांनी मध्ये एकदाही काही विचारलं नाही. सातव्या सकाळी मी तिथेच होतो. सासू आत आली. पदर सावरून डॉक्टरांसमोर खाली बसली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"डाक्टर," ती म्हणाली, "पोरनं दुखनं खरं शे." आणि खूण केलेले तीन रिकामे कागद तिने पुढे ठेवले. उठताना म्हणाली, "ते डाग मीच दिधा व्हतात."

सुरतेला एक्स-रे काढायची सोय नुकतीच झाली होती. मथुराला घेऊन सासूच गेली, आगगाडीत पहिल्यांदा बसून. एक्स-रेची काच आली ती डॉक्टरांनी खिडकीला धरली आणि मला जवळ ओढलं. बोटाच्या मधल्या हाडात मोहरीएवढा काळसर ठिपका होता, भोवती पांढरं कडं. एवढंच. दोन वर्षांची झोप, चार डाग आणि एक विळा, सगळं त्या मोहरीपायी. मी त्याचं चित्र काढलं तेव्हा ठिपक्यासाठी पेन्सिलीला पुन्हा टोक करावं लागलं.

बोट बधिर करून डॉक्टरांनी तो ठिपका बारीक छिन्नीने कोरून काढला. मथुरा त्या रात्री पुडीविना झोपली. पुढेही. बोट राहिलं, संसार राहिला. दरवर्षी आखाजीला त्या घरून डबाभर सांजोऱ्या यायच्या. घेऊन यायची सासूच.

तो कोरलेला कण आणि माझं चित्र डॉक्टरांनी मुंबईला आपल्या जुन्या प्राध्यापकांकडे पाठवलं. आपल्याला काहीतरी नवीन सापडलंय अशी त्यांना आशा होती, हे मला माहीत होतं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. निदान अचूक, अभिनंदन, बोटात ही गाठ क्वचितच दिसते. मात्र अशा गाठींचं वर्णन परदेशात कुणीतरी अलीकडेच छापलं आहे. डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, आता हिरमुसतील.

"गाडी चुकली म्हणायची," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. "पण नाव आहे मास्तर तिला! म्हणजे तिकडेही अशा मथुरा आहेत, आणि तिकडेही कुणीतरी त्यांचं ऐकून घेतलं."

लढाई सुरू झाली त्या वर्षी त्यांच्या बदलीचा हुकूम आला. थेट कोकणात. गाव हळहळलं. हेडमास्तरांनी निरोपाची सूत्रं हाती घेतली; स्टेशनावरच समारंभ करायचा, भाषण तेच करणार. त्यांनी ते चार पानी लिहिलं होतं.

जाण्याच्या आठवड्यात मुंबईहून आणखी एक पत्र आलं. डोंगरावरच्या तोरणमाळचा जामसिंग नावाचा पावरा आदिवासी शेतकरी पावसाळ्याआधी गुडघा घेऊन आला होता. सूज नेमकी गुडघ्याच्या वाटीत. वाटीत गाठ फार क्वचित येते. डॉक्टरांनी तुकडा काढून मुंबईला पाठवला होता, पण कुणीतरी जामसिंगला सांगितलं की आता तुझा पाय कापणार. तो त्याच दिवशी काठी टेकत पळाला. आता उत्तर आलं होतं: गाठ साधी आहे, पसरणारी नाही, वाटी काढली की पाय वाचेल, पण उशीर नको.

"कळवू कसं?" मी विचारलं. "तिकडे पत्र वाचणार कोण?"

"पत्र कशाला?" डॉक्टर म्हणाले. "मी जातो."

वहिनी सामान बांधत होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "गाडी शुक्रवारची आहे, ध्यानात आहे ना?" डॉक्टर सोमवारी शहाद्याच्या मोटारीत बसले. तिथून बैलगाडीने डोंगराच्या पायथ्याशी आणि पुढे तो उभा चढ पायी. वय पन्नाशीच्या पुढचं.

शुक्रवारी दुपारी सगळं गाव स्टेशनावर. वहिनी बायकांच्या घोळक्यात बसल्या. हार आले, हेडमास्तर आले, मथुराची सासू डबा घेऊन आली. डॉक्टर नाहीत. गाडी यायला पाच मिनिटं उरली तेव्हा फाटकाबाहेर एक मालमोटार थांबली आणि तिच्यातून डॉक्टर उतरले, गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. मागोमाग चार पावऱ्यांनी बांबूच्या झोळीतून जामसिंगला उतरवलं. डॉक्टरांनी त्याला कसं समजावलं कोण जाणे. एवढंच म्हणाले, "बरोबर नेतो मुंबईला. पत्र देऊन एकटा पाठवला तर वाटेत उतरून पळेल."

ठरल्याप्रमाणे झालं काहीच नाही. गाडी आली, वहिनी बायकांच्या डब्यात चढल्या, आम्ही धावपळ करत जामसिंगला आत चढवलं, त्याचा पाय डॉक्टरांच्या ट्रंकेवर लांब करून ठेवला. डॉक्टर खिडकीशी बसले. हेडमास्तरांनी चष्मा लावून कागद उघडला, खाकरले आणि "उपस्थित सज्जनहो" म्हणेपर्यंत डॉक्टर झोपले होते. मान मागे, तोंड उघडं, घोरणं स्पष्ट ऐकू येत होतं.

हेडमास्तरांनी आमच्याकडे पाहिलं. मग कधी नव्हे ते आवाज खाली आणून म्हणाले, "कुणी उठवू नका." आणि चार पानं घडी करून खिशात ठेवली.

पण हारांचं काय करायचं? शिट्टी झाली. लोक खिडकीपाशी रेटत होते. झोपलेल्या माणसाच्या गळ्यात हार घालवेना. तेवढ्यात कुणीतरी आपला हार जामसिंगच्या गळ्यात घातला. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनीच. मथुराच्या सासूने डबा त्याच्याच मांडीवर ठेवला.

पुढे जामसिंगच्या गुडघ्याची वाटी मुंबईत काढली आणि तो दोन्ही पायांवर आपल्या गावी चढून गेला, असं डॉक्टरांच्या कार्डावरून कळलं. त्यानंतर चारेक कार्डं आली, मग वहिनींचं एक आलं, आणि सगळं संपलं. डॉक्टर परत या भागात आले नाहीत. मला ते शेवटचे दिसले ते त्या खिडकीत, गाढ झोपलेले. गाडी हलली, आम्ही शे-दोनशे माणसं हात हलवत राहिलो, आणि त्यांच्या शेजारी जामसिंग, आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसलेला, कानापर्यंत झेंडूत बुडालेला. एका हाताने त्याने गज घट्ट धरला होता. जरा विचार करून त्याने दुसरा हात वर केला आणि डॉक्टरांच्या वतीने सगळ्या गावाचा निरोप घेतला.